यादीतलं पहिलं नाव

झेंडूच्या हाराचा ओलसर वास आला की मला चिखलीतल्या कॉलेजची सर्व्हर रूम आठवते. तिथलं वायफाय माझ्याकडे होतं. आवारात आलेल्या प्रत्येक फोनला आमचं यंत्र तासाभरापुरता आकड्यांचा एक पत्ता द्यायचं. फोन निघून गेला की तास संपताच पत्ता मोकळा व्हायचा आणि त्या फोनचं नाव यादीतून पुसलं जायचं. खंडेनवमीला आमच्या शिपाई मावशी हार घेऊन आल्या. "आमच्या ह्यांच्या कंपनीत आज समद्या मशिनी बंद ठेवत्यात. हिलाबी जरा इसावा द्या," म्हणाल्या. मी यंत्र बंद केलं. हिरवे दिवे विझले, पंख्याची घरघर थांबली आणि उदबत्तीचा धूर उन्हाच्या पट्ट्यात निवांत तरंगत राहिला. पुन्हा चालू केलं तेव्हा यादी कोरी होती. मग पहिलं नाव उमटलं, एका पुरुषाचं, आडनाव मावशींचं. "मिस्टर आलेत का?" मी विचारलं. मावशींनी हातातला फोन दाखवला. "त्यांचाच हाय. ते जाऊन दोन वर्सं झाली. नाव बदलाया येत न्हाई मला." मी म्हणालो, "देऊ बदलून?" त्यांनी फोनची काच पदरानं पुसली. "ऱ्हाऊ द्या." पाचला त्या घरी गेल्या आणि सहाच्या सुमाराला ते नाव पुसलं गेलं. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मी सकाळी आठलाच यादी उघडून बसलो. दोन मिनिटांत ते परत आलं. आता मी चाकणच्या एका कंपनीत नोकरीला आहे; तिथं खंडेनवमीचा हार मीच घालतो, आणि यंत्र चालू केल्यावर पहिलं नाव उमटेपर्यंत माझे हात जोडलेलेच असतात.