मधला तारा दिसला नाही म्हणून

मंडळी, आज सकाळी माझ्या भाचीचा, ऋचाचा, लॅबमधून रडवेला फोन आला. "मावशी, माझी स्लाइड फसली. पेशीत मधोमध मायक्रोट्यूब्यूल्सचा तारा दिसूनच नाही राहिला. फेकून देते."

"थांब! पेशी कशाची आहे?"

"स्नायूची."

मग तो तारा कावून दिसेल? नवख्या पेशीत हे बारीक धागे मधल्या एकाच केंद्रातून पसरतात. पेशी स्नायूची झाली की तिच्यात न्यूक्लियस, म्हणजे केंद्रकं, बरीच असतात; ते मधलं केंद्र मागे पडतं आणि धागे प्रत्येक न्यूक्लियसच्या कडेवरून निघतात.

मले भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हाचं आठवलं. आमच्या मराठी बायकांचं हळदीकुंकू दरवर्षी देशमुखकाकूंच्याच क्वार्टरमध्ये व्हायचं. काका रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, दोघं नागपूरला गेले. सगळ्या म्हणाल्या, "आता संपलं."

आई उसळली. "कावून संपलं? आपण आहो ना! हुडको वस्तीतल्या माझ्याकडे या, खुर्सीपार वस्तीवाल्यांनी आपापल्याकडे करा." त्या संक्रांतीला आमची आई दारोदार जाऊन सांगून आली.

हे सगळं फोनवर ऐकून ऋचानं स्लाइड परत लावली. "मावशी, धागे आहेत! प्रत्येक न्यूक्लियसभोवती आहेत!"

मधे कोणी दिसत नाही म्हणून तुम्ही काय फेकायला निघालात? आधी कडेला बघा.