टाकीमागची फुलपाखरांची बाग

घाटकोपरच्या ज्या शाळेत मी बावीस वर्षं चौथीला शिकवलं, तिथे पाण्याच्या टाकीमागे जमिनीचा एक लांबट तुकडा होता. मोडके बाक आणि जुन्या फळ्यांच्या चौकटी टाकायची जागा. तिथे फुलपाखरांची बाग करायची असं माझ्या वर्गाने ठरवलं, आणि ती बाग झाली नाही. त्यात माझा हात होता. संस्थेला, मोठ्या बाईंना, बदलत्या काळाला मी पुष्कळ नावं ठेवून झाले. स्वतःचं नाव मात्र त्यातून गाळत आले.

शाळेत मराठी माध्यम तळमजल्यावर आणि इंग्रजी वरच्या तीन मजल्यांवर. मी लागले तेव्हा उलटं होतं. माझ्या वर्गात त्या वर्षी एकोणीस मुलं उरली होती. बहुतेक डोंगरावरच्या वस्तीतली, चार-पाच चाळीतली. त्यांतली एक मुलगी ऑगस्टमध्ये स्टीलच्या डब्यातून एक अळी घेऊन आली. आईने बाजारातून आणलेल्या कढीपत्त्याच्या काडीवर ती चिकटलेली होती. आई टाकायला निघाली, तर हिने डबाच रिकामा करून घेतला.

"बाई, हिला बाहेर नका टाकू ना. कावळा खाईल."

बारीक अंगाची, कमी बोलणारी मुलगी. वडील मालवणकडचे, साकीनाक्याला एका वेल्डिंगच्या गाळ्यात कामाला. वर्गात ती कधी हात वर करायची नाही. पण त्या अळीसाठी ती रोज सकाळी ताजा कढीपत्ता आणायची आणि प्रार्थनेच्या आधी डबा साफ करायची. अळी हिरवीगार झाली, फुगली, मग एके दिवशी काडीला स्वतःला बांधून घेऊन गप्प बसली. दहा-बारा दिवसांनी, गणिताच्या तासाला, कोषातून फुलपाखरू बाहेर आलं. काळं, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. एकोणीस पोरं पाऊण तास श्वास रोखून बसली. बावीस वर्षांत मी गप्प करून कोणी इतकं गप्प बसलं नव्हतं.

ते खिडकीतून उडालं आणि समोरच्या बांधकामाच्या हिरव्या जाळीवर जाऊन बसलं. तेव्हा तिने विचारलं, "बाई, आता हे अंडी कुठे घालणार? इथे तर काहीच नाय."

बागेची सुरुवात तिथे झाली.

त्याच आठवड्यात संस्थेचं पत्रक आलं होतं की प्रत्येक वर्गाने पर्यावरणाचा एक उपक्रम सुचवावा. आमच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. म्हणूनच असेल, मी मुलांना मोकळं सोडलं. टेप मिळेना, म्हणून त्यांनी पावलांनी जागा मोजली. कोणाची पावलं धरायची यावर भांडण झालं, तेव्हा सर्वांत उंच मुलाची धरली. मग ऊन कुठे किती वेळ पडतं ते बघायचं ठरलं. पाऊस उघडेल त्या दिवशी दर तासाला दोघं जण टाकीमागे जायची आणि सावलीच्या कडेने खडूची रेघ ओढून यायची. शेजारचा टॉवर वर चढत होता. चार दिवसांनी कळलं की पुरेसं ऊन फक्त भिंतीलगतच्या पट्ट्यात येतं. अकरा ते दोन. बस्स.

"मग झाडं तिथेच," एकाने जाहीर करून टाकलं. "बाकीच्या जागेत पाण्याची बशी आणि ओला चिखल. ती चिखलावर पण बसतात. मी गटाराकडे बघितलंय."

गुलाब, शेवंती, झेंडू अशी यादी फळ्यावर झाली. सगळे खूश. ती मुलगी तेवढी नव्हती.

"फुलं फुलपाखराला. अळीला काय?"

पोरं फळ्यावरची यादी पुन्हा वाचायला लागली.

"अळी पानं खाते. ती उपाशी राहिली तर फुलपाखरू कुठनं येणार?"

यादी पुसली. नवी केली. कढीपत्ता, लिंबू, रुई, पानफुटी, कृष्णकमळ. मग रसासाठी घाणेरी, एक्झोरा, जास्वंद. कुठल्या झाडावर कोण अंडी घालतं ते मला निम्मंसुद्धा माहीत नव्हतं. रात्री घरी वाचून मी सकाळी वर्गात सांगायचे, आणि डोंगरावरची पोरं मलाच दुरुस्त करायची, कारण रुई त्यांच्या घरामागे उगवलेली होती आणि तिच्यावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या त्यांनी काडीने टोचून पाहिल्या होत्या. नकाशा त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढला. त्यात पानं कुरतडलेली दाखवली होती. मुद्दाम. खाली लिहिलं होतं, "पाने खाल्लेली दिसतील. काढू नये."

कृष्णकमळाला चढायला काहीतरी हवं होतं. एका शनिवारी त्या मुलीचे वडील रिक्षातून लोखंडी कमान घेऊन आले. अर्धी कमान रिक्षाच्या बाहेर, एका हाताने धरलेली. गाळ्यात उरलेल्या सळ्यांची, पण टोकं घासून गोल केलेली, हिरवा रंग मारलेली. मुलांच्या हाताला लागू नये म्हणून प्रत्येक सांधा त्यांनी हात फिरवून मला दाखवला.

"बाई, आमच्या गावाक ह्यां सगळां आपसूक येता," ते हसत म्हणाले. "हंय त्याचो नकाशो काढूचो लागता."

मी त्यांना चहा दिला. कमान टाकीला टेकवून ठेवली.

सप्टेंबरअखेर संस्थेच्या सचिवांसमोर मुलांनी नकाशा मांडला. सचिव भले गृहस्थ, निदान बोलायला. सगळं ऐकून घेतलं, टाळ्या वाजवल्या. "झकास! हे तर आपण करायचंच." नकाशा गुंडाळून त्यांनी स्वतःबरोबर नेला. मुलं मधल्या सुट्टीत नाचली.

आठ दिवसांनी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. आम्ही दोघी एकाच वर्षी शाळेत लागलो, एका डब्यात जेवलो. त्या मुख्याध्यापक झाल्या तरी दार लावलं की आम्ही अगं-तुगंवरच यायचो.

"अगं, रुई नको म्हणतायत. चीक डोळ्यात गेला तर? पालक डोक्यावर बसतील."

चीक डोळ्याला वाईट हे खरं होतं. मी यादीतून रुई काढली.

मग लिंबू गेलं, काट्यांमुळे. मग घाणेरी, नावामुळे. सचिवांच्या पाहुण्यांना ते नाव कसं सांगायचं? प्रत्येक वेळी मी वर्गात येऊन सांगायचे आणि प्रत्येक वेळी मुलं भांडायची. "बाई, रुई नाय तर ते केशरीवालं फुलपाखरू येणारच नाय." मी म्हणायचे, "थोडं सोडावं लागतं रे. बाग तर होतेय ना?" शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि ते अळ्यांचं वगळ. वरच्या मजल्यावरच्या पालकांना कळलं की शाळा मुद्दाम अळ्या पाळते, तर वाट लागेल. ॲलर्जी म्हणतील, काय काय म्हणतील."

"अळ्यांशिवाय फुलपाखरं कशी येतील गं?"

"येतील तेवढी येतील. तू लाल पेन घे आणि बदल करून दे. सहीसकट."

मी नाही म्हणू शकले असते. त्यांनी मला फासावर दिलं नसतं. फार तर चार दिवस बोलल्या नसत्या. पण मराठीचे वर्ग बंद व्हायची कुजबुज सुरू झाली होती आणि मला कोणाच्या डोळ्यावर यायचं नव्हतं. सचिवांकडून परत आलेला नकाशा समोर होता. मी लाल पेन घेतलं. "पाने खाल्लेली दिसतील. काढू नये" ही ओळ मुलांच्या अक्षरात होती. तिच्यावर काट मारली आणि खाली सही केली.

दिवाळीच्या सुट्टीत काम झालं. सुट्टी संपून आलो तर टाकीमागे पेव्हर ब्लॉक बसवलेले. त्यावर प्लास्टिकचं हिरवं गवत, कडेने शेवंतीच्या कुंड्या. भिंतीवर फायबरचे दोन भलेमोठे पंख, मध्ये मुलाने उभं राहून फोटो काढायचा. वर पाटी, इंग्रजीत, आणि पाटीखाली इंग्रजी विभागाचं नाव. आमच्या वर्गाचा कुठे उल्लेखच नाही. कमान दिसेना. विचारलं तेव्हा कळलं की कंत्राटदाराच्या माणसांनी बाकांबरोबर तीही भंगारात घातली.

मी मोठ्या बाईंकडे गेले. आवाज चढवला, हेही खरं.

"अगं, प्रवेश सुरू होतायत," त्या म्हणाल्या. "पालकांना काहीतरी दिसायला हवं. कुरतडलेली पानं दाखवू? आणि ऐक, उद्घाटनाला तुझ्या वर्गातल्या एका मुलीला बोलायला लाव. कल्पना मुलांची होती म्हणून. सचिवसाहेबांनीच सांगितलंय. किती मोठं मन बघ."

मी तिचंच नाव दिलं. का दिलं, याचं उत्तर मी अनेकदा शोधलं. मला वाटलं होतं, ती उभी राहील आणि जे मला बोलता आलं नाही ते बोलून टाकेल. दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून माझं धाडस वदवून घ्यायचं होतं मला. पण भाषण मात्र मीच लिहून दिलं. त्यात "आमच्या स्वप्नातली बाग आज साकार झाली" असं वाक्य होतं. तिने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं.

"हे बोलायचं?"

"हो गं. छान बोल."

तिने विचारलं नाही की हे खरं आहे का. तिने पाठ केलं. उद्घाटनाच्या दिवशी दोन वेण्या घालून, लाल रिबिनी बांधून ती माईकसमोर उभी राहिली. वर्गात हात वर न करणारी ती मुलगी खणखणीत आवाजात बोलली. एक शब्द चुकली नाही, कुठे अडखळली नाही. आमच्या स्वप्नातली बाग आज साकार झाली. सचिवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उरलेली अठरा मुलं मांडी घालून बसली होती. मी खूण केली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खाली उतरून ती माझ्याजवळ आली. "बरोबर बोलले ना बाई?"

"बरोबर," मी म्हटलं.

त्यानंतर टाकीमागे जायचं नाव माझ्या वर्गाने काढलं नाही. मी एकदा म्हटलं, चला, फोटो काढू. कोणी उठलं नाही. रुसलेही नव्हते. त्यांना त्यात काही राम वाटत नव्हता, इतकंच. डब्यातून पुन्हा कोणी काही आणलं नाही. परिसर अभ्यासाच्या पेपरात फुलपाखराच्या जीवनचक्राचा प्रश्न आला, सगळ्यांनी अंडी-अळी-कोष-फुलपाखरू असं चौकटीत लिहिलं, बाण काढले. सगळ्यांना पूर्ण गुण.

मार्चमध्ये प्रगतिपुस्तक न्यायला तिचे वडील आले. जाताना म्हणाले, "बाई, ती कमान खंय लावल्यात? पोरग्येक विचारलंय, ती काय सांगना नाय."

तिने घरी सांगितलं नव्हतं. मला वाचवत होती की बापाला, मला कळलं नाही.

"आतल्या बाजूला आहे," मी म्हणाले. "आता वॉचमन कोणाला सोडत नाही."

त्यांनी मागे वळून पाहिलं. गेटमधून भिंतीवरचे ते पंख सरळ दिसत होते, आणि आतली बाजू अशी काही तिथे नव्हतीच. माणूस लोखंडात काम करणारा, भंगारात काय जातं ते त्याला सांगावं लागत नाही. "बरां," म्हणाले, आणि मला नमस्कार करून गेले. त्या नमस्काराने जेवढं लागलं तेवढं शिवीने लागलं नसतं.

जूनमध्ये मराठीचा चौथीचा वर्ग भरला नाही. कोणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून मी जे केलं त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मी अतिरिक्त ठरले आणि मला मुलुंडच्या एका शाळेत पाठवलं. ती मुलगी पाचवीला दुसरीकडे गेली. चाळ पाडायला घेतली म्हणून ते लोक दहिसरला भाड्याने राहायला गेले, असं कोणीतरी सांगितलं. मी पत्ता विचारला नाही.

मुलुंडच्या शाळेला मोठं मैदान आहे. एका कडेला दिवसभर ऊन असतं आणि कुंपणालगत रुई आपोआप वाढलेली आहे. पहिल्याच महिन्यात तिथले मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये आले. तरुण आहेत, उत्साही आहेत.

"बाई, तुमच्या आधीच्या शाळेत ती फुलपाखरांची बाग आहे ना? फोटो बघितले मी. तुमच्या वर्गाने केली होती म्हणे?"

सगळ्या शिक्षिका माझ्याकडे बघायला लागल्या.

"नाही सर," मी म्हटलं. "ती इंग्रजी विभागाची."

ते पुढच्या टेबलाकडे गेले. मी वह्या तपासायला घेतल्या.