पडल्या झाडांचा राखणदार

राज्याच्या सीमेपलीकडच्या लांजीपासून बसने अर्ध्या तासावरच्या एका गावात पुनाराम राहतो. वय साठीला टेकलेलं. बावीस उन्हाळे त्याने वनविभागात रोजंदारीवर आगीपासून जंगल राखण्याचं काम केलं. मोहाची फुलं पडायला लागली की गावोगाव सांगत फिरायचं, "झाडाखाली पाला जाळू नोका, जुनी लुगडी आथरा." लोक हौ म्हणायचे आणि पहाटे काडी लावायचे. जळलेल्या जमिनीवर फुलं चटकन दिसतात, वेचायला सोपी जातात.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गावामागची टेकडी पेटली. आदल्या वर्षी तिथल्या बांबूला फुलोरा येऊन बेटंच्या बेटं उभी वाळली होती. त्यामुळे एरवी पाचोळ्यातून सरपटत जाणारी आग या वेळी शेंड्यांना गेली. तीन दिवस पुनाराम आणि आणखी सात जण हिरव्या फांद्यांनी ती बडवत राहिले. चौथ्या दिवशी जळायला काही उरलं नाही म्हणून ती विझली.

आग कुठून निघाली हे जळल्या खुणांवरून कळतं. पुनाराम उतारावरून त्या खुणा बघत मागे मागे चालत गेला आणि एका मोहापाशी थांबला. तो मोह त्याच्याच घरचा. बापाच्या वेळेपासून त्याची फुलं त्यांचीच माणसं वेचत आली होती.

घरी बायको, आनंदी, चुलीपाशी बसली होती. त्याने काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "गुडघे वाकत नाही आता. झाडू मारनं होत नाही. एवढासाच पाला होता, मी उभी होती तिथं. वारा आला."

"मले सांगाचं होतं."

"तुमी कधी घरी असता?"

मोहाच्या दिवसांत तो कधीच घरी नसायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने वनविभागाच्या डिप्टी साहेबांना जाऊन खरं ते सांगितलं. साहेबांचे डोळे धुराने लाल झाले होते. कागदावरून नजर न उचलता ते म्हणाले, "जाने दो पुनाराम. तेरी घरवाली का नाम लिखूँ, तो पूरे गाँव का लिखना पड़ेगा." आगीचं कारण अज्ञात, असं लिहिलं गेलं. पुनाराम बाहेर आला आणि त्याने नळावर हातपाय धुतले. शिक्षा झाली असती तर कधीतरी संपलीही असती, असं त्याला वाटलं.

पावसाळ्यात मेलेली झाडं पडू लागली. ऐन, सालई, धावडा. पोकळ झालेले बुंधे वाऱ्याशिवायही कोसळायचे. त्याच सुमारास जंगलाच्या त्या बीटवर समीक्षा नावाची नवी नाकेदार, म्हणजे वनरक्षक, आली. लालबर्ऱ्याकडची तरुण मुलगी, मराठी समजायची पण बोलायची हिंदीच. तिने एका पडलेल्या ऐनाच्या फांद्या बाजूला करून दाखवल्या. आत बोटभर उंचीचे कोंब होते.

"काका, ये पेड़ ऐसे ही पड़े रहने दो. बकरी अंदर नहीं घुसेगी, मिट्टी भी रुकेगी."

उन्हाळ्याचं काम केव्हाच संपलं होतं. तरी पुनाराम दुसऱ्या दिवसापासून पडलेली झाडं राखायला टेकडीवर जाऊ लागला. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नाही.

गावाला मात्र सरपण लागतंच. दुसऱ्या हिवाळ्यात शेजारचा हेमराज तिघांना घेऊन, बंडी जुंपून, कुऱ्हाडी घेऊन आला. पुनाराम एका खोडापुढे उभा राहिला.

"भाऊ," हेमराज शांतपणे म्हणाला, "आग तुमच्याच मोहाखालून निघाली. अन् मेलेलं लाकूड आमाले नाही. हे बरोबर हाय का?"

म्हणजे गावाला सगळं माहीत होतं. इतके दिवस कोणी तोंडावर बोललं नव्हतं, एवढंच. आनंदी त्याची शिदोरी घेऊन नुकतीच चढण चढून आली होती. तिने ते ऐकलं.

"आग मी लावली, हेमराज. त्यायले काहून बोलतं? बोलाचं असन त मले बोल."

एवढं बोलून ती त्याच खोडावर बसली, कारण गुडघे तिला आणखी उभं राहू देईनात. हेमराजने कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली आणि जमिनीवर टेकवली.

पुनाराम म्हणाला, "रस्त्याच्या कडेले चार वाळलेली झाडं उभी हायत. कधी कोनाच्या डोस्क्यावर पडतीन सांगता येत नाही. ती तुमाले मिळावी म्हनून मी नाकेदारबाईले इचारतो. उताराले आडवी पडली ती राहू द्या."

बंडी रिकामी परत गेली. आठवड्याने समीक्षाने वरून परवानगी आणली आणि ती चार झाडं गावात वाटली गेली. तरी पुढच्या महिन्यात आतली दोन खोडं नाहीशी झाली. पुनारामला चाकांचे माग दिसले. तो उरलेली खोडं मोजत पुढे गेला.

आता समीक्षाची बदली बिरशाला झाली आहे. जिथून खोडं गेली तिथे नुसती घाणेरी माजली आहे. जिथे झाडं आडवी पडून आहेत तिथे ऐन आणि तेंदू कमरेएवढे झाले आहेत, पण सगळीकडे नाही. यंदा रोजंदारीच्या यादीत पुनारामचं नाव नव्हतं. वय झालं म्हणाले. हेमराजने त्याला वाटेत थांबवून विचारलं, "मंग आता काहून जाऊन राह्यले?"

"घरी बसलं त पाय जास्त दुखते," पुनाराम म्हणाला.

गेल्या आठवड्यात भर दुपारी टेकडीवर तो जेवत असताना वरच्या अंगाला एक वाळका धावडा पडला. हात न धुताच तो चढून गेला. झाड माती अडवेल असं आडवं न पडता सरळ उताराच्या दिशेने पडलं होतं, नेमकं ऐनाच्या दोन रोपांवर. त्याने ओढता येतील तेवढ्या फांद्या ओढल्या. एक रोप नुसतं वाकलं होतं, त्याच्या बुडाशी त्याने दगड लावला. दुसरं मोडलं होतं. ऐन मुळातून पुन्हा फुटतो, पण त्याला वर्ष जातं.

मग बकरी शिरू नये म्हणून ओढलेल्या फांद्या त्याने मोडलेल्या रोपाभोवती रचल्या. खाली यायला त्याला संध्याकाळ झाली.