चेटकिणीच्या घरातला दिवा

खळमावशी पुस्तक कधी फटकन मिटायची नाही. आत कुणीतरी झोपलंय अशा बेताने मिटायची. पान उलटण्याआधी त्यावर हलकी फुंकर घालायची. खळ फार गरम तर नाही ना, हे मनगटावर थेंब लावून बघायची, बाळाचं दूध बघावं तसं. दोरा कानामागे अडकवायची आणि मग तोच दोरा खोलीभर शोधायची. चहाच्या कपावर पुठ्ठ्याचा तुकडा झाकण म्हणून ठेवायची. स्वतःची कात्री कुणाला द्यायची नाही. मागितली की म्हणायची, "दात घासायचा ब्रश देतं का कुणी?" रस्त्याने जाताना भिंतीवरच्या जाहिरातीचा सुटलेला कोपरा दिसला, की अंगठ्याने दाबून पुढे जायची. जाहिरात कशाची आहे ते बघायचीही नाही. आणि चित्रांचं कुठलंही पुस्तक हातात आलं की ती शेवटून सुरुवात करायची. मुलं गोष्ट पहिल्या पानापासून वाचतात आणि पुस्तक शेवटच्या पानापासून फाडतात, असं तिचं म्हणणं होतं.

मैदा पाण्यात शिजवून केलेली खळ दिवसभर तिच्या बोटांवर वाळत असायची, म्हणून ती खळमावशी. बालवाचनालयाच्या मागच्या खोलीत ती फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची. खोलीत एक खिडकी, एक टेबल, एक शेगडी आणि दोन जाड फळ्यांचा लाकडी दाब. चिकटवलेलं पुस्तक त्या फळ्यांमध्ये ठेवायचं आणि चारी बाजूंचे स्क्रू आवळायचे. आलेल्या पुस्तकांना ती पेशंट म्हणायची आणि त्यांची विचारपूस करायची. "कुणी चावलं रे तुला? बघू. पुढचे दोन दात नाहीत. म्हणजे पहिलीतला दिसतोय."

पुढच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलीला ती पदवी म्हणायची. मुलगी साहित्य शिकून आली होती आणि पहिल्याच दिवशी एका फाटक्या पुस्तकाला 'संहिता' म्हणाली होती.

"संहिता राहू दे, पदवी," मावशी म्हणाली, "आधी हिचं पाठीचं हाड बसवू."

तिथून त्यांची गट्टी जमली. एक आजी शोभेल अशी, दुसरी नात शोभेल अशी. पण दुपारी दोघी एकाच डब्यात जेवायच्या आणि एकमेकींना यथेच्छ टोमणे मारायच्या.

वाचनालयातले सगळ्यात जास्त पेशंट एकाच घरचे होते. छोट्या चेटकिणीची पाच चित्रपुस्तकं. त्या चेटकिणीला नाव नव्हतं, सगळे तिला छोटीच म्हणत. तिची टोपी नाकापर्यंत यायची. झाडू मोठ्या बहिणीचा, वापरून झालेला, म्हणून उगाच लांबलचक. वळण घेताना मागचं टोक कुणाच्या तरी धुराड्याला लागायचंच. मांजराला उंचीची भीती. ते दप्तरात बसून फक्त कान बाहेर काढायचं. एका पुस्तकात छोटी पातेल्यात ढग शिजवते. ते पान मुलांनी इतकं चाटलं होतं, की मावशीला पातेल्याचा तळ पुन्हापुन्हा रंगवावा लागे. "ढगात साखर किती घातली होती कुणास ठाऊक," ती म्हणायची.

पाचव्या पुस्तकात छोटी पहिल्यांदाच एकटी लांब उडते. वादळ येतं, टोपी जाते, मांजर रडतं. मग ढग फाटतात आणि खाली तिचं गाव दिसतं. पान उलटलं की शेवट. अंधार, एक बुटकं घर, खिडकीत पिवळा दिवा, आणि दारात छोटी, एका पायातला बूट काढत. शब्द एकही नाही.

दोन पिढ्यांची मुलं त्या दिव्यापाशी येऊन पुस्तक मिटत होती. पदवी त्यातलीच एक.

मग एक दिवस पाचही पुस्तकं नव्याने छापली गेली. ग्रंथपालांनी कोरा संच मागवला आणि कपाटात लावला. जुना संच बाद पुस्तकांच्या ढिगात गेला. आठवडाभरात एक बसड्रायव्हर पाचवं पुस्तक घेऊन तावातावाने काउंटरवर आला. लहानपणी तोही इथेच वाचत बसायचा.

"हे घ्या तुमचं पुस्तक. फसवणूक आहे ही."

"काय झालं, काका?" पदवीने विचारलं.

"काल पोरीला वाचून दाखवत होतो. म्हटलं, आता बघ हं, घर येईल. पान उलटतो तर घर गायब! ही बया पाठ फिरवून सूर्याकडे चाललीये. पोरीने भोकाड पसरलं. बायको म्हणते, तुम्हाला एक गोष्ट धड सांगता येत नाही."

पदवीने शेवटचं पान उघडलं. खरंच घर नव्हतं. पहाट होती. मोठा पिवळा सूर्य होता आणि त्याच्याकडे उडत जाणारी, पाठमोरी, टोपी नसलेली छोटी. पदवीला तोंडात मारल्यासारखं झालं.

"नव्या आवृत्तीत फेरफार केलाय," ती म्हणाली. "प्रकाशकाला जाब विचारायला हवा."

मावशी हात पुसत बाहेर आली. तिने नवं पुस्तक घेतलं, सवयीने शेवटून उघडलं आणि उघडंच धरून खुर्चीवर बसली. 

"जाब मला विचारा," ती म्हणाली. "ते घर माझं आहे."

झालं होतं ते असं. मावशी नवी नवी कामाला लागली, तेव्हा ही पुस्तकं कुणीतरी भेट म्हणून दिली होती, वापरलेली. पाचव्याचं शेवटचं पान फाटून गेलं होतं. दुसरी प्रत कुठे मिळेना. छापणाऱ्यांनी दुकान गुंडाळलं होतं. पण फाटलेल्या पानाची एक बारीक पट्टी शिवणीत अडकून राहिली होती. बोटाच्या नखाएवढी रुंद. तिच्यावर रंग होता, पिवळा. मावशीने तो पिवळा डोळ्यांत तेल घालून जुळवला. आधीच्या पानावर गाव दिसतं. पुढे पिवळा. म्हणजे घरातला दिवा, दुसरं काय? तिने सुतावरून स्वर्ग गाठला. घर काढलं, दार काढलं, छोटीला दारात उभं केलं आणि पान त्या पट्टीला असं जोडलं, की जोड कुणाला सापडला नाही.

"रंग तंतोतंत जुळवला हो," ती म्हणाली. "गोष्ट चुकली."

बसड्रायव्हर ओशाळला. "मावशी, माझी काही तक्रार नाही. मला आपलं जुनंच द्या."

"जुनं बाद झालंय," ग्रंथपाल आतून येत म्हणाले. वाईट माणूस नव्हता, पण नियमाचा होता. "आणि आता तर ते चुकीचंही निघालं. शेवट बरोबर करून दिलात तर मी ते कपाटात ठेवीन, मावशी. तुमच्यासाठी. नाहीतर रद्दीची गाडी येईल तेव्हा जाऊ दे."

मावशीने ढिगातून जुनं पाचवं पुस्तक शोधून काढलं आणि मागच्या खोलीत नेलं. पदवी मागोमाग गेली.

"ते पान काढू नका," पदवी म्हणाली.

"का? चूक आहे ती."

"चूक कसली? चित्र आहे. अर्धं शहर त्यावर वाढलंय."

"अर्धं शहर वाढलं म्हणून चूक बरोबर होते का? अगं, ज्याची गोष्ट, त्याने तिला उजेडाकडे पाठवलं होतं. मी मध्येच कान धरून घरी आणली. मला कुणी विचारलं होतं?"

"मग तुम्ही सगळं पुसून टाकणार?"

"दुरुस्ती दिसली की फसली, असं मी जन्मभर लोकांना सांगत आले. माझी ही दुरुस्ती कुणाला दिसलीच नाही. मग ती जमली म्हणू की फसली? तू शिकलेली आहेस, सांग."

 पदवीने दुसरंच सांगितलं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती लहान असताना आई कारखान्यात दुपारच्या पाळीला असायची. शाळा सुटली की ती वाचनालयात बसायची. वाचनालय बंद झालं की गळ्यातल्या किल्लीने घर उघडायची. घरात अंधार. मग ती आधी दिवा लावायची, परत बाहेर यायची, दार ओढून घ्यायची, रस्त्यावरून खिडकीतला दिवा बघायची आणि मग घरात शिरायची. दारात एका पायातला बूट काढत.

मावशी नखातली वाळकी खळ कोरत राहिली.

"आणि वीज जाळते म्हणून आई ओरडायची नाही?"

"ओरडायची."

"बरोबर आहे तिचं."

मग तिने दोरा कानामागून काढला, पुन्हा अडकवला. "इतक्या दुपारी एका डब्यात जेवलो, तेव्हा नाही सांगितलंस ते."

"ते घर तुमचं आहे हे कुठे माहीत होतं?"

"मलाही आज सकाळपर्यंत वाटत होतं, ते छोटीचंच आहे," मावशी म्हणाली. आणि मग नेहमीच्या आवाजात, "चल, नवं पुस्तक इथे ठेव आणि नीघ. पेशंटला भेटायची वेळ संपली."

पुढचे काही दिवस मागच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. जेवताना मावशी बाहेर यायची. बोटांवर पिवळा रंग असायचा. पदवी बघायची आणि काही विचारायची नाही. विचारलं असतं तर मावशीने सांगितलंही नसतं. रोजच्यासारखी कुरकुर मात्र चालू होती. सुई बारीक, दोरा जाड, डोळे गेले कामातून, साहेबांना खोलीत पंखा लावायचं कधी सुचणार.

मावशी गेली ती सकाळी, घरून निघताना, चपला घालता घालता. धाकटी बहीण आत तिचा डबा भरत होती. डबा घेऊन ती बाहेर आली, तर मावशी उंबरठ्यावर बसलेली, एक चप्पल पायात, एक हातात. बहिणीला वाटलं, अंगठा तुटला म्हणून बघतेय.

पदवीला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती काउंटरवर बसली आणि मुलांची पुस्तकं बदलून देत राहिली. कुणीतरी तिचं डोकं काढून नेलंय आणि हात तेवढे कामावर ठेवलेत, असं तिला वाटत होतं. पुढचे दोन दात नसलेला एक मुलगा आला.

"माझं डायनासोरचं बरं झालं का?"

"बघते," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली.

डायनासोर बरा झाला होता. टेबलावर कोपऱ्यात, पाठीला नवं कापड लावून, जायला तयार. पदवीने तो मुलाला नेऊन दिला. त्याने चावलेला कोपरा बघितला. कोपरा जिथल्या तिथे होता. तो समाधानाने गेला.

ती परत आत आली. चहाच्या कपावर पुठ्ठ्याचं झाकण होतं. रंगाच्या बशीत पिवळा वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. लाकडी दाबाच्या फळ्या नुसत्याच एकमेकींवर टेकवलेल्या होत्या. पदवीने वरची फळी उचलली. आत छोटी चेटकीण होती, पाचवी. तिने पुस्तक शेवटून उघडलं. फुंकर घालून.

घर होतं. तेच बुटकं घर, तोच अंधार, खिडकीत तोच पिवळा दिवा. दारात छोटी नव्हती. मावशीने तिला पात्याने खरवडून काढलं होतं, इतक्या हळुवार की कागद पातळ झाला होता, पण फाटला नव्हता. त्या पांढऱ्या जागेवर तिने दार रंगवायला घेतलं होतं. वरची अर्धी फळी झाली होती. खालचा उंबरा कोरा होता.

पदवी त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. पुसलंच शेवटी, असं तिच्या मनात आलं. मग तिने एक पान मागे उलटलं. तिथे नवा कागद होता, जुन्या कागदाचा रंग दिलेला. त्यावर पहाट होती. सूर्य होता, पाठमोरी छोटी होती, दप्तरातून बाहेर आलेले मांजराचे कान होते. नव्या पुस्तकात होतं तसं, रेघेला रेघ जुळवून. चित्रात काहीच करायचं शिल्लक ठेवलं नव्हतं. छोटी उजेडाकडे चालली होती.

पदवीने पान पुढे उलटलं. छोटी गेली, आणि मागे घरात दिवा चालूच होता. तिने पुन्हा मागे उलटलं, पुन्हा पुढे. शाळकरी पोरीसारखी ती तिथे उभ्याउभ्या तेवढंच करत राहिली. मग तिला रडू आलं.

ग्रंथपाल दारात आले. ते कामाचंच बोलले.

"ती बाद पुस्तकांची गाडी आलीय, पदवी." मावशीने तिला ठेवलेलं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. "ते पाचवं झालं का?"

"नाही, सर. पेशंट अजून दाबातच आहे."

त्यांनी टेबलाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बरं," ते म्हणाले आणि गाडीवाल्याला सांगायला गेले.

पहाटेचं पान अजून पुरतं शिवून झालं नव्हतं. वरच्या भोकांतून टाके गेले होते, घट्ट आणि एकसारखे. खालची भोकं पाडून ठेवली होती, पण रिकामी होती. मधल्या भोकातून दोरा बाहेर आला होता आणि त्याच्या टोकाला सुई लोंबत होती, पुढच्या टाक्याच्या तयारीत.