पंख्याला कुंकू

मंजूषा सारखी घड्याळ बघत होती. बाडहूव्हडॉर्प या डच गावातल्या शेडमध्ये पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती उभी होती, आणि आज तिची मशिनगन फिरत्या पंख्यातून पहिल्यांदाच चालणार होती. गोळ्यांऐवजी पोलादी छर्रे, एवढाच काय तो फरक.

त्या काळी पंचाईत अशी, की वैमानिकापुढे बंदूक बसवावी तर समोर लाकडी पंखा गरगरतोय! मग पंख्याच्या दांड्यावर उंचवट्याची चकती, म्हणजे कॅम, बसवला. पातं आडवं आलं की गोळी अडायची, सरकलं की सुटायची. इथला कॅम मंजूषाने घडवलेला. आठवडाभर फेल्डहोवनच्या कारखान्यात चिप बनवणाऱ्या यंत्रांत डोकं घालायचं आणि शनिवार-रविवारी इथे हजर. अभिराम, तिचा नवरा, विमानाला "माझी सवत" म्हणायचा.

पंखा मात्र विमचा. सत्तरी उलटलेला हा सुतार बायको गेल्यावर पार खचला होता. हा पंखा कोरता कोरता माणसांत आला. मधोमध तिचं नाव कोरलं होतं, लीस.

विमने ट्रिगरवर बोट ठेवलं. मोटर घुमली, आणि मंजूषाला एकदम आठवलं. काल खंडेनवमी! पुण्याला बाबा लेथची पूजा करायचे, म्हणून तिने काल कॅमला हळदकुंकू वाहिलं होतं. ओल्या अक्षताही. नंतर पुसलं होतं ना? पुसलं असेल बहुतेक. जळलं मेलं ते बहुतेक!

"थांबा! चालवू नका!"

चाचणी बघायला जमलेल्या पाहुण्यांदेखत अक्षतांचं सांगावं लागलं. त्यांतला एकजण फिस्सकन हसला. झाकण उघडून टॉर्च मारला, तर काहीच दिसेना.

"चालवू?" विमने विचारलं.

"नको. पंखा उतरवा. त्या जागी प्लायवुडचं वर्तुळ लावा, पात्यांच्या जागा खडूने आखा."

पाहुणे कुरकुरले. मंजूषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती हटली नाही.

छर्रे धडधडले. मोटर थांबली. भोकं नेमकी खडूने आखलेल्या पात्यांत पडली होती, खरा पंखा असता तर फुटलाच असता! आता कुणी हसेना.

कॅमखालची, गोळी अडवणारी दांडी ओढून काढली, तर तळाशी तांदळाचा एक लालभडक दाणा घट्ट चिकटलेला. त्यानेच वेळ चुकवली होती. मंजूषाला रडूच फुटलं. "माझ्यामुळे तुमचा पंखा गेला असता हो!"

विमने दाणा काढला, सगळं पुसलं, पुन्हा चाचणी घेतली. भोकं रेघांबाहेर पडली. मग स्वतःच्या हाताने त्याने पंखा चढवला आणि तिला जवळ बोलावलं.

"याची पूजा राहिली. लाव ते लाल, लीसच्या नावाशेजारी. भात नको."

मंजूषाने कुंकू लावलं, आणि विमने ट्रिगर दाबला.