हिराबाईंचा एकशे एकसष्टावा दगड

मी एकतीस वर्षं उद्यान खात्यात कारकुनी केली आणि मला झाडांतलं काहीही कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी चुका काढत बसायला नको. मला कागद कळतात. हिराबाई ओव्हाळांना कागदांचा कंटाळा, पण झाड कळे. म्हणूनच आमचं जमलं असावं.

हिराबाई मूळच्या मांजरीकडच्या. लहानपणी उसात खुरपायला जात. लग्न होऊन येरवड्याला आल्या, आमच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर लागल्या आणि पुढे कायम झाल्या. ठेंगण्या, काटक, बोलणं मोजकं. उजव्या अंगठ्याचं नख मात्र चांगलं वाढवलेलं. राबणाऱ्या बाईला एवढं नख कशाला, असं मला कायम वाटे. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "लागतं, बाई." संपला विषय!

१९९९ साली वरून अनुदान आलं. तेव्हा शहरात जिकडेतिकडे संगणकाच्या कंपन्या निघत होत्या आणि त्यांच्या इमारतींपुढे परदेशी पाम लागत होते. आपली देशी झाडं वाचवावीत, असं कोणाच्या तरी मनात आलं म्हणायचं. येरवड्यापलीकडच्या एका टेकडीवर पळस, पांगारा, काटेसावर, मोई अशी चारशे रोपं लावायची. तीन वर्षांनी मोजणी. शेकडा साठ जगली तर पुढचं अनुदान. नाही जगली तर सगळं उपटून तिथे लॉन आणि जॉगिंग ट्रॅक.

हिराबाईंनी बिया स्वतः गोळा केल्या, रोपं केली, आळी केली आणि तीन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहिलं.

आणि मोजणी कधी? मार्चमध्ये! कारण सरकारी वर्ष मार्चला संपतं. चारशे रोपांना हे कोणी कळवलं नव्हतं. ती आपली वेळ झाली तशी पानं गाळून मोकळी झाली होती.

मोजायला अनिरुद्ध नावाचा तरुण आला. मोजणीचं काम ज्या कंपनीला मिळालं होतं, तिथला. मी वही घेऊन सोबत. मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्या तक्त्यात दोनच रकाने होते: जिवंत आणि मृत. पान दिसलं की जिवंत, नाही दिसलं की मृत. दोन तासांत एकशे सत्तेचाळीस जिवंत निघाली. ऑफिसात येऊन त्याने आकडा संगणकात घातला. पडद्यावर सदतीस टक्के.

"पावणेसदतीस," मी म्हटलं. आम्ही पावकी-निमकी पाठ केलेली माणसं.

"मॅडम, सिस्टिम डेसिमल घेत नाही. राउंड ऑफ करते."

"मग एवढ्या महाग यंत्राला येतं तरी काय?"

हिराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त सदतीस ऐकलं. "दोनशे चाळीस हायेत," त्या म्हणाल्या. "चला माझ्यासंगं."

खरं तर माझं काम संपलं होतं. पण दोनशे चाळीस हा आकडा या बाईंनी आणला कुठून, याची मला उत्सुकता लागून राहिली. साहेबांकडून एका दिवसाची मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पुन्हा टेकडीवर.

आदल्या दिवशी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काही आळ्यांमध्ये मधोमध एकेक चपटा दगड होता.

"हे काय?"

"गेली त्यांची जागा. रोप मेलं की दगड ठेवते. एकशे साठ ठेवलेत."

म्हणजे या बाई तीन वर्षं मोजणीच करत होत्या, आणि ती आमच्याहून चोख. मग त्या एका वाळक्या काडीपाशी बसल्या आणि अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवंगार! अनिरुद्धने वाकून पाहिलं, बोट लावून पाहिलं. "अरे, हे तर अलाइव्ह आहे!" मीही गुडघे कुरकुरत असताना खाली बसले. पुढच्या काडीत काय निघतंय, हे बघायची मलाच घाई झाली. ते नख कशाला लागतं, ते विचारल्यावर बारा वर्षांनी कळलं.

दिवसभर तेच. हिराबाई खरवडायच्या, "हिरवं" म्हणायच्या, मी वहीत रेघ मारून आकडा मोठ्याने सांगायची. उन्हं उतरली तेव्हा मी ओरडले, "दोनशे एकोणचाळीस! एकच राहिलं, हिराबाई!"

शेवटचा पांगारा होता. अनिरुद्ध फोनवर होता, मी वही सावरत होते. हिराबाईंनी खरवडलं. क्षणभर थांबल्या. "हिरवं," म्हणाल्या. मी रेघ मारली.

सकाळी अनिरुद्ध आकडा भरायला बसला, इतक्यात हिराबाई आल्या. हातात चपटा दगड.

"सायब, एक कमी करा. शेवटचा हिरवा न्हवता. मी खोटं बोलले."

मला असा संताप आला! "अहो, कोणी विचारलं होतं तुम्हाला? तीन वर्षं पाणी वाहिलंत ना? साठ टक्क्यांना दोनशे चाळीस लागतात! एका काडीपायी सगळं उपटून टाकतील, कळतंय का?"

"कळतंय," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "पन तुमी माझ्या एका सबदावर रेघ मारली, बाई. त्ये खोटं राहिलं, तर बाकीची खरी कशी म्हनायची?"

मी वही उघडून शेवटची रेघ खोडली. अनिरुद्धने माझ्याकडे पाहिलं, दोनशे एकोणचाळीस हा आकडा टाकला आणि कळ दाबली.

पडद्यावर साठ.

आम्ही दोघं बघतच राहिलो. पावणेसाठ होते ते. "सिस्टिम डेसिमल घेत नाही," अनिरुद्ध हळूच म्हणाला. मी जन्मात पहिल्यांदा त्या डबड्याला हात जोडले.

"म्हंजी?" हिराबाईंनी विचारलं.

"म्हणजे राहिली तुमची झाडं."

त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले, लपवायचं कशाला? मग डोळे पुसून त्या उठल्या, दगड उचलला.

"तासाभराची रजा द्या, बाई. ह्यो ठिवून येते."

मी रजेचा अर्ज मागितला नाही. एकतीस वर्षांत तेवढं एकदाच.