गोल मोजणारी

"सरक की," असं म्हणायची आणि मी सरकायच्या आधीच कोपराने ढकलून बसायची. बाकावर जागा असो की नसो. बसल्यावर चपला काढायची, एक पाय दुसऱ्या मांडीखाली घ्यायची आणि विचारायची, "खाल्लं का?" सकाळी साडेसहाला, रसायनशास्त्राच्या तासाला, कुणी काय खाल्लेलं असणार? पण ती विचारायची आणि दप्तरातून कागदात गुंडाळलेली चपाती काढून माझ्या वहीवर ठेवायची. माझ्या त्या वर्षीच्या वह्यांवर अजून तेलाचे डाग आहेत.

तुमच्याही बाकावर अशी एखादी बसून गेली असेल. माझ्या बाकावरचीचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते आधीच एकदा माझ्यामुळे खराब झालंय.

नगरला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारा एक क्लास होता. आम्ही दोघी तिथे अकरावीला आलो. मी पुणतांब्याची. घरी ऊस, बऱ्यापैकी पाणी, आणि पोरगी डॉक्टर होणार हे वडिलांनी माझ्या दहावीच्या निकालादिवशीच पारावर सांगून टाकलेलं. ती मिरजगावची. तिचे वडील हायवेलगतच्या एका गाळ्यात टेलरकाम करायचे. शाळांचे गणवेश आणि लग्नसराईत सदरे.

मी एका बाईंच्या घरी कॉटवर राहायचे. ती चौकशीला आली तेव्हा बाईंनी तिचं आडनाव विचारलं आणि सगळे कॉट भरलेत म्हणाल्या. माझ्या खोलीत दोन कॉट रिकामे होते. मी दारातच उभी राहून ऐकत होते. ती मग शहरातल्या आत्याकडे राहिली, रोज पाऊण तास चालत यायची. क्लासमधल्या एका मुलीने तिला एकदा कौतुकाने विचारलं, "तुमच्याकडे मुलींना इतकं शिकवतात?" ती म्हणाली, "आमच्याकडं म्हंजे मिरजगावला का? व्हय, शिकवत्यात की." ती मुलगी पुन्हा तिच्या वाटेला गेली नाही.

आता क्लासची पद्धत सांगते, कारण सगळं त्या पद्धतीवरच आहे. दर रविवारी पेपर. सोमवारी सकाळी मार्कांची यादी लागायची आणि त्या यादीप्रमाणे बाक मिळायचा. एका बाकावर तीन मुली. पहिला बाक पंख्याखाली, फळ्यासमोर, तिथे सर स्वतः येऊन वही बघायचे. शेवटचे बाक जिन्याजवळ. तिथे पत्र्याची धग यायची आणि सरांचा आवाज निम्माच पोचायचा. दर सोमवारी दप्तर उचलून कोण पुढे जातंय, कोण मागे येतंय, हे सगळा वर्ग बघायचा. रडायचं असेल तर मुली आधी संडासात जाऊन यायच्या.

मी संडासातच जास्त असायचे. गावात पहिली येणारी मी इथे सत्तर मुलींत पन्नासावी होते. रविवारी पेपरआधी मला उलटी व्हायची. हात इतका थरथरायचा की उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करताना पेन रेषेबाहेर जायचं. वडिलांचा फोन आला की मी "मस्त चाललंय" म्हणायचे. जेवणाचा डबा तसाच परत जायचा.

तिला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. पेपर सुरू झाला की ती डाव्या हाताने माझ्या ओढणीचं टोक धरून बसायची. उजव्या हाताने लिहायची. "लई इचार करू नको. येतं तेवढंच भर. बाकीचं गेलं उडत," असं पुटपुटायची. तिने टोक धरलं की माझा हात थांबायचा. का थांबायचा, ते मला अजून सांगता येत नाही.

नवल असं की दर सोमवारी ती माझ्याच बाकावर यायची. मी पन्नासावी तर ती एकोणपन्नासावी. मी घसरून एकसष्टावर गेले तर ती बासष्ट. आमचं नशीबच जुळलेलं आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे.

गणपती झाल्यावर एका रविवारी पेपर संपल्यावर तिची प्रश्नपत्रिका माझ्या वहीत आली. खोलीवर जाऊन बघते तर सगळ्या प्रश्नांवर बारीक खुणा. भौतिकशास्त्राची गणितं समासात सोडवलेली, दोन-दोन ओळींत, खाडाखोड नाही. उत्तरं पडताळून पाहिली. जवळपास सगळी बरोबर. आणि सोमवारच्या यादीत ती माझ्याखाली एका मार्काने.

मी विचारलं तेव्हा ती हसली. "पुढं पंखा लई गरगरतो. हितं बरं हाय."

"खरं सांग."

"मी पुढं गेले की तू जेवायची न्हाईस."

"पण तुला माझे मार्क आधी कळतात कसे?"

"तुझे गोल मोजते. तुझ्या दहातले सहा बरोबर येत्यात. मग मी माझे तेवढेच भरते. सोपं हाय."

मला आधी अपमान वाटला, दहातले सहाच? मग मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. पण तिला "पुढे जा" असं मी म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं, हे मला त्याच दिवशी समजत होतं. सोळा वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. मला कळत होतं. मला ती बाकावर हवी होती.

तिचं काय पणाला लागलंय तेही मला माहीत होतं. दिवाळीआधीच्या मोठ्या पेपरात पहिल्या दहा मुलींत जी येईल तिला पुढचं वर्ष फुकट, असा क्लासचा नियम होता. तिच्या वडिलांनी एकाच वर्षाची सोय केली होती. "दिवाळीच्या पेपरला बघ. एक बी गोल मोकळा ठेवत न्हाई," ती म्हणायची. "मग तुझं काय?" असं मी विचारलं की म्हणायची, "तवर तुला शिकवते की जेवायला."

मोठ्या पेपराच्या आधीच्या रविवारी ती पकडली गेली. ती माझ्या उत्तरपत्रिकेवरचे गोल मोजत होती आणि देखरेखीला आलेल्या नव्या सरांनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. उत्तरपत्रिका काढून घेतली. "बघून लिहितेस?" सगळा वर्ग वळला. तिच्या डाव्या हातात माझ्या ओढणीचं टोक होतं. ते तिने सोडलं.

एक गोष्ट लक्षात घ्या. एका बाकावरच्या तिघींचे प्रश्नसंच वेगवेगळे असायचे. तिचा पहिला प्रश्न माझा चाळिसावा. माझं बघून लिहिलं असतं तर तिला शून्य पडलं असतं. आम्हा दोघींना ऑफिसात नेलं, पण एवढी साधी गोष्ट तिथे कुणी बोललं नाही. क्लासला शिस्तीसाठी एक उदाहरण हवं होतं आणि तिच्यात सगळं सोयीचं होतं: तिचं गाव, तिचं आडनाव, तिचं हाय-न्हाई.

दुपारी तिचे वडील एसटीने आले. घाईत गळ्यातला टेप काढायचा राहिला होता. मोठ्या सरांनी त्यांना बसा म्हटलं नाही. "तुमची मुलगी कॉपी करताना सापडलीय."

वडिलांनी तिला विचारलं, "केली का?"

ती काय सांगणार होती? की अब्बा, तुम्ही शिवून शिवून डोळे घालवताय आणि मी इथे मुद्दाम मार्क सोडतेय? तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात, नुसतं पाहिलं.

सर मला म्हणाले, "हिने तुझ्या पेपरात बघितलं का? हो की नाही, एवढंच सांग."

मी म्हणाले, "हो, सर."

बघितलं तर तिने होतंच. शब्द खरा होता. मी आणखी चार वाक्यं बोलले असते तर ती पहिल्या दहांत असती, आणि मी कोणाच्या जिवावर बसलेय हे सगळ्यांना कळलं असतं. माझ्या वडिलांनाही. मी त्या चार वाक्यांना घाबरले.

सरांनी तिला क्लासमधून काढून टाकलं. तिच्या वडिलांनी सरांपुढे हात जोडले. मग तिला म्हणाले, "पिशवी घे." ती वर्गात आली, आमच्या बाकावरची पिशवी उचलली आणि गेली. पुढच्या रविवारी मोठा पेपर झाला. माझा निम्मा कोरा गेला.

मी काही डॉक्टर झाले नाही. दोनदा परीक्षा दिली, मग नर्सिंग केलं. आता मिरजगावच्या जवळच एका वाडीवरच्या आरोग्य उपकेंद्रात नोकरी आहे. लोक बीपी तपासायला, गोळ्या न्यायला येतात. ही जागा मी मागून घेतली नव्हती. मिळाली तेव्हा पत्त्यातलं मिरजगावचं नाव दोनदा वाचलं, तरी बदलून मागितली नाही.

मागच्या जूनमध्ये एक वयस्कर गृहस्थ आले. वाडीवरच्या शाळेत गणवेश द्यायला आले होते, चक्कर आली म्हणून शिपायाने माझ्याकडे पाठवलेलं. बीपी खूप होतं. मी गोळी दिली, बसवून ठेवलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"म्याडम, तुमी नगरच्या क्लासातल्या ना?"

मी मान हलवली. ते उठून उभे राहिले. "बसा, काका," म्हटलं तरी बसेनात. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

"तवा तुमची माफी मागायची ऱ्हायली. माझ्या पोरीनं तुमचं बघून लिवलं, तुमाला बी सरांपुढं हुबं ऱ्हावं लागलं. लई दिस मनात हुतं."

त्या जोडलेल्या हातांपुढे मला जे वाटलं ते मी कुणाला सांगू शकत नाही. मी त्यांना धरून खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. गोल, ओढणी, वेगळे संच, माझं 'हो, सर'. मध्ये दोन बायका लहान मुलांना घेऊन आल्या, त्यांना मी बाहेर थांबवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तिला लई बोललो हुतो. एसटीत, समद्यांदेखत. मंग वरीसभर बोललोच न्हाई. ती आर्टला गेली. आता पुन्याला चष्म्याच्या दुकानात हाय. ईदला येती, एक दिस. आईशी बोलती." मग आपल्या फोनमधला तिचा नंबर मला दाखवत म्हणाले, "माझा फोन ती उचलत न्हाई. तुमी लावता का?"

ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी नंबर लावला. चौथ्या रिंगला तिने उचलला. मी नाव सांगितलं. पलीकडे दुकानातला आवाज येत होता, कुणीतरी फ्रेम बदलून मागत होतं.

"अब्बांना सगळं सांगितलं मी," मी म्हणाले.

तिचा तोच आवाज, फक्त थकलेला. "तू हो म्हणालीस ना, ते मी कवाच सोडून दिलं. तू भ्यालेली हुतीस. पर अब्बांनी मला एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. एसटीत मी वाट बघत बसले हुते, मिरजगाव येईस्तोवर. ते काय सुटत न्हाई बघ."

"तू एकदा त्यांच्याशी बोल ना. ते इथेच आहेत."

"तुला सांगून बरं वाटलं ना?" ती म्हणाली. ते टोचून नव्हतं. खरंच विचारत होती. "मग झालं. गिऱ्हाईक हाय, ठेवते."

ओट्यावरून ते उठून आत आले. "काय म्हनली?"

मी म्हणाले, "कामात आहे, काका. नंतर करते म्हणाली."

मला माहीत आहे. पुन्हा तेच केलं मी.

तेव्हापासून ते दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात. मिरजगावात मोठा दवाखाना असताना इथवर येतात. आल्यावर बीपीसाठी हात पुढे करत नाहीत. आधी म्हणतात, "लावता का जरा?" मी फोन टेबलावर ठेवते आणि आवाज मोठा करते. आम्ही दोघं ऐकत बसतो. रिंग पूर्ण वाजते, मग ती रेकॉर्ड केलेली बाई सांगते की आपण संपर्क केलेली व्यक्ती उत्तर देत नाही.

"कामात आसंल," ते म्हणतात.

"हो काका, कामातच असेल," मी म्हणते, आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधते. इतक्या गोळ्या झाल्या, पण आकडा काही खाली येत नाही.